कमी दाबाची गाणी

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. कुणी कॅसेटच्या धंद्याचा विषय काढला की मला नेमकं गोठ्यात काहीतरी काम आठवायचं. आता गोठा रिकामा आहे, गुडघे दुखतात आणि विषय काढणारी माणसंही फारशी उरलेली नाहीत. मग टाळायचं तरी कुणासाठी, म्हणून लिहायला बसलो. वाचणाऱ्याने मात्र थोडं सावध राहावं. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या मालावर संशय घेतला, आता स्वतःच्या आठवणींवरही घेतो. तुम्ही माझ्यावर घेतलात तर माझी तक्रार नाही.

पौष लागला की हे सगळं वर येतं. आमच्या मुरबाडकडे पौष म्हणजे म्हसाची जत्रा. भात झोडून झालेलं असतं, खळ्यावर पेंढ्याचे भारे रचलेले असतात, रिकाम्या खाचरांत ओलीवर टाकलेला वाल शेंगा धरतो. सकाळी धुकं इतकं खाली बसतं की रस्त्याने चाललेल्या बैलांची नुसती वशिंडं तरंगताना दिसतात. घुंगरमाळा ऐकू येतात आणि बैल मागाहून येतात. त्यांच्या मागे टेम्पो, टेम्पोत पाळण्यांचे लोखंडी सांगाडे. म्हसाला पोचायच्या आधीच तिथला वास नाकाला येतो. शेण, नवी घोंगडी, तळणीचं तेल आणि जनरेटरचा धूर. त्या वासात मी पुष्कळ वर्षं कॅसेटचा स्टॉल लावला.

मुरबाडच्या बाजारपेठेत माझं कॅसेटचं दुकान होतं. भजनं, कोळीगीतं, लग्नातली गाणी, हिंदी सिनेमा. नव्वदच्या दशकात धंदा असा होता की घरात ताट-वाटी कमी असेल, पण टेप असायचा. आणि धंदा जोरात म्हटल्यावर डुप्लिकेटही जोरात. खऱ्या कॅसेटवरून घरात बसून नकला काढायच्या, वर रंगीत झेरॉक्सचं कव्हर घालायचं, की झालं. मी मात्र डुप्लिकेट विकत नसे. नुसता विकत नसे असं नाही, दुसऱ्याचा माल हातात घेऊन ओळखत असे, आणि या गोष्टीचा मला माज होता. कल्याणचा होलसेलरसुद्धा म्हणायचा, गजूशेटने हात लावला म्हणजे तपासणी झाली.

त्या होलसेलरच्या खोक्यात एकदा भजनांच्या थप्पीत एक परकी कॅसेट निघाली. कव्हरवर कवटी. कवटीच्या डोळ्यांतून रेल्वेचे रूळ बाहेर आलेले आणि मागे कारखान्याची धुराडी. आत चार लांब केसांच्या गोऱ्यांचा फोटो. परत पाठवायची राहून गेली. दुकानात मांडली असती तर भजनी मंडळ पायरी चढलं नसतं, म्हणून घरी आणली.

आमचं गाव मुरबाडहून शहापूरकडे जाणाऱ्या रस्त्यापासून आत, विजेच्या लाइनीच्या अगदी शेवटच्या टोकाला. दिवेलागणीला साऱ्या गावांनी दिवे लावले की आमच्यापर्यंत उरलीसुरली वीज यायची. सरकारी भाषेत त्याला कमी दाबाचा वीजपुरवठा म्हणतात. बल्ब पिकलेल्या पपईसारखा दिसायचा, त्याची तार मोजता यायची. त्या उजेडात, घरच्या जुन्या टेपवर मी ती कॅसेट पहिल्यांदा लावली.

गिटार वाजली असं मला वाटलंच नाही. कुणीतरी भलंमोठं लोखंडी फाटक दगडावरून ओढत नेतंय असं वाटलं. मग ढोल. एक ठोका पडायचा आणि दुसरा पडेल की नाही याची शंका येईपर्यंत पडायचा नाही. आणि मग तो गायक. आवाज जाडा, खोल, रहाटाशिवाय विहिरीतून वर चढत येणारा. शब्द एक कळला नाही. अंगावर काटा मात्र आला, आणि तो भीतीचा नव्हता. दिवसभर दुकानात मी जी गाणी ऐकायचो त्यांत प्रत्येक जण कुणाची तरी खुशामत करत असायचा. देवाची, नाहीतर नवऱ्या मुलाची, नाहीतर एखाद्या पोरीची. हे लोक कुणाचीच खुशामत करत नव्हते. चाळिशी ओलांडलेला, कपाळाला गंध लावणारा मी, त्या संध्याकाळी त्यांचा होऊन गेलो. आजही आहे.

बँडचं नाव मला नीट उच्चारता यायचं नाही. आमच्या घरात ते कायम कवटीवालेच राहिले.

"अहो, कवटीवाले बंद करा आधी," आमची सुमन गोठ्यातून ओरडायची. "म्हैस पान्हा सोडत नाय."

"भजन लावलं तरी सोडत नाय ती."

"भजनाला निदान लाथ तरी मारत नाय!"

गावात कुजबुज झाली. गजाननाकडे दिवेलागणीला काहीतरी येतं, घोगऱ्या आवाजात बोलतं. शेजारच्या म्हातारीने आमच्या कुडाला लिंबू-मिरची बांधून टाकली. मी काही खुलासा केला नाही. लोक आपल्याला थोडं बिचकतात हे धंद्याला बरं असतं, असंही मनात आलं असेल. मी चांगला माणूस होतो आणि एकदाच घसरलो, असं सांगायला मी बसलेलो नाही.

एक बारीक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. ती कॅसेट मी दुकानातल्या चांगल्या डेकवर कधी लावली नाही. गिऱ्हाइकांची लाज वाटायची. ऐकली ती घरीच, संध्याकाळीच, त्या पिवळ्या उजेडातच.

बाळाराम माझ्याकडे आला तो वाशिंदचा कारखाना बंद पडल्यावर. खर्डीकडच्या एका पाड्यावरचा माणूस, डोंगराच्या पायथ्याला थोडी भातशेती, बाकी आयुष्य प्रेस मशीनवर गेलेलं. माझ्याहून काही वर्षांनी लहान. हसला की डोळे दिसायचे नाहीत. शहापूरच्या एसटी स्टँडजवळ त्याला कॅसेटची टपरी टाकायची होती आणि धंद्यातलं त्याला काही कळत नव्हतं.

"दादा, मला एवढंच शिकवा," तो बोलला. "फसायचं कसं नाय ते. कारखान्यात लय फसलो."

मी शिकवलं. आधी कॅसेटचे स्क्रू बघायचे. मग लेबलाची छपाई, अक्षरांची कड फाटलेली आहे का. मग टेपच्या सुरुवातीची कोरी पट्टी. कान सर्वांत शेवटी, कारण कान लगेच भाळतो. हे माझंच वाक्य. बाळारामने ते असं पाठ केलं की टपरीवर आलेल्या पोरांनाही ऐकवायचा.

एकदा तो संध्याकाळी घरी आला तेव्हा कवटीवाले चालू होते. मला वाटलं, तोंड वाकडं करेल. तो ओट्यावर मांडी घालून बसला, डोळे मिटले आणि थोड्या वेळाने हसायलाच लागला.

"दादा, ह्ये तर आमचं प्रेस डिपार्टमेंट! हा बघा, पत्रा आत गेला... आता दाबला... आता सुपरवायझर शिव्या देतोय."

मीही हसलो. त्या कवटीला घरात मिळालेला तो पहिला पाहुणा. मग कान पुढे करून तो बोलला, "पण दादा, टेप रडतोय का तुमचा?"

टेप रडणं म्हणजे काय हे आमच्या पिढीला सांगायला नको. सेल उतरले, मोटर दमली की गाणं लांबतं, आवाज जाड होतो, बाईचा बाप्या होतो. मला राग आला. इतकी वर्षं मी कॅसेट विकतो आणि हा कालचा आलेला मला सांगणार?

"रडत नाय," मी बोललो. "तो गातोच तसा."

"असेल बाबा. गोऱ्यांचं काय सांगता येतं," असं बोलून त्याने चहाचा कप उचलला. विषय तिथेच संपला. आता मी तो रोज उघडतो.

पुढे ती कॅसेट टेपने खाल्ली. पट्टी चाकात गुंतली, चुरगळली. मी कापून सेलोटेपने जोडली, पण पहिलं गाणं अर्धं गेलं. एखादं माणूस गेल्यासारखी मला चुटपुट लागली आणि ती मी बाळारामजवळ बोलून दाखवली. दुसऱ्या कुणाजवळ बोलणार होतो?

त्या वर्षी म्हसाला त्याने पहिल्यांदाच स्टॉल लावला, माझ्या शेजारीच. जागाही मीच मिळवून दिली होती. समोर घोंगड्यांची रांग, मागे मौत का कुआँ, डाव्या हाताला बैलांचा बाजार. थंडी अशी की हात कॅसेटच्या डब्यांवरून उचलून सारखे काखेत घालावे लागायचे. दुपारपर्यंत माझ्या लक्षात आलं की गर्दी त्याच्याकडे जास्त आहे. तो प्रत्येकाशी बोलायचा, बैलवाल्याला बैलाचं नाव विचारायचा, म्हाताऱ्यांना त्यांच्या तरुणपणची गाणी शोधून द्यायचा. मी गल्ल्यामागे गंध लावून बसलेला, गिऱ्हाइकाने हात लावला की "घेणार आहेस का?" असं विचारणारा. कल्याणच्या होलसेलरचा माणूस त्या दिवशी जत्रेत फिरत होता, डुप्लिकेट पकडायला. माझ्या स्टॉलवर बसून चहा पीत होता.

ऊन कलायला लागलं तेव्हा बाळारामने मला हाक मारली.

"दादा! ओ दादा, इकडं कान करा! तुमची पार्टी आलीय, मुंबईहून!"

त्याच्या हातात तीच कॅसेट होती. तीच कवटी, तेच रूळ. माझ्यासाठी मुंबईला जाऊन, दुकानं पालथी घालून आणलेली. त्याने ती आपल्या नव्या डेकमध्ये सारली आणि जनरेटरवरचा कर्णा मोठा केला.

जे वाजलं ते मी ओळखलं नाही. गाणं तेच होतं, पण धावत होतं. ढोल एकमेकांच्या अंगावर पडत होते. आणि गायक! माझा तो विहिरीच्या तळातला माणूस कुठे होता? हा तर उंच, चिरका, शेपटी पिरगाळलेल्या वासरासारखा. बैलवाले हसायला लागले. कुणी तरी ओरडलं, "अरे, इंजेक्शन द्या रे त्याला!" बाळारामही हसत होता, माझ्याकडे बघत, शाबासकीची वाट बघत.

आणि मी बोललो, "डुप्लिकेट आहे ही."

"काय?"

"डुप्लिकेट. दुसऱ्याच कुणी तरी गायलंय. मला शिकवू नकोस, मी वर्षानुवर्षं ऐकतोय यांना."

त्याचं हसू लगेच गेलं नाही, तोंडावर तसंच विसरून राहिलं. "दादा, गंमत करता का?"

"गंमत माझ्याशी तू करतोयस. डुप्लिकेट आणून मला ऐकवतोस?"

माझा आवाज मोठा होता. जत्रेत मोठ्यानेच बोलावं लागतं, असं मी नंतर स्वतःला सांगत असे. पण कर्णा तोवर त्याने बंद केलेला होता. त्या शांततेत तो शब्द साऱ्या रांगेने ऐकला. होलसेलरचा माणूस चहा ठेवून उठला.

बाळारामने कॅसेट काढली आणि माझ्यासमोर धरली. "दादा, स्क्रू बघा ना. तुमीच शिकवलंय. आधी स्क्रू, मग छपाई. बघा तरी."

मी बघितलं नाही.

मी जे लिहायला बसलो ते एवढंच आहे. मी बघितलं नाही, कारण बघितलं तर स्क्रू बरोबर निघतील अशी मला तेव्हाच, त्याच क्षणी, शंका आली होती.

होलसेलरच्या माणसाने काही तपासलं नाही. गजूशेट बोलतोय म्हणजे असणारच, असं म्हणून त्याने बाळारामची खोकी टेम्पोत चढवली. सगळी. माझी आणि त्याची खोकी एकाच गोदामातून आलेली होती, आम्ही दोघांनी मिळून ती आणली होती, हे मला माहीत होतं. मी माझ्या कॅसेटी सरळ रेषेत लावत बसलो. बाळाराम रिकाम्या फळीमागे डेकची वायर गुंडाळायला लागला. पीळ न पडू देता, सावकाश, कारखान्यात शिकल्यासारखी.

ती कॅसेट तेवढी टेम्पोत गेली नाही. जाताना ती त्याने माझ्या फळीवर ठेवली. मी ती उचलून खाली एका खोक्यात टाकली आणि ते खोकं पुढची काही वर्षं उघडलं नाही.

टपरी बंद झाली. होलसेलर माल देईना, दुसरे कुणी देईनात. पण खरं नुकसान त्या शब्दाने केलं. आमच्याकडे माणसाला दुसरं नाव चिकटायला वेळ लागत नाही, आणि चिकटलं की घरची माणसंही पहिलं विसरतात. जत्रेतून बैल घरी पोचायच्या आधी नाव पोचलं असेल. डुप्लिकेट. शहापूरच्या स्टँडवर डुप्लिकेट, खर्डीच्या फाट्यावर डुप्लिकेट. पुढे त्याने सहा सीटर टमटम घेतली तर ती डुप्लिकेटची टमटम. त्याची पोरगी शाळेत गेली तर डुप्लिकेटची पोर. लोक प्रेमाने म्हणायचे हो, शिवी म्हणून नाही. ते अधिक वाईट. शिवी माणूस परतवू तरी शकतो.

आणि मीही म्हणत असे. कुणी विचारलं, "तो डुप्लिकेट भेटतो का?" तर मी म्हणायचो, "डुप्लिकेट ना? नाय बुवा, बऱ्याच दिवसांत."

दोन हजार सालाच्या पुढेमागे आमच्या गावाला नवी डीपी बसली. गावाच्या वेशीवर खांबांवर नवाकोरा ट्रान्सफॉर्मर, त्याला हार, नारळ, पेढे. दिवेलागणीला बटण दाबलं आणि पोरांनी ओरडा केला. बल्ब पांढरे! घराघरांतली कोळिष्टकं पहिल्यांदा दिसली. सुमन लगेच केरसुणी घेऊन भिंतींमागे लागली.

मी कौतुकाने कवटीवाले लावले. माझीच, सेलोटेपने जोडलेली जुनी कॅसेट. आणि टेपमधून तो चिरका माणूस बाहेर आला.

मी बंद केलं. पुन्हा लावलं. ढोल धावत होते. सुमन केरसुणी थांबवून बोलली, "अगो बाई, आज तुमचा राक्षस बायकी आवाजात काय गातोय?"

मग मी जत्रेतलं ते खोकं ओढलं आणि बाळारामची कॅसेट शोधून काढली. आधी स्क्रू बघितले. मग छपाई. मग कोरी पट्टी. मग लावली. दोन्ही कॅसेटींच्या आवाजात तसूभर फरक नव्हता. इतकी वर्षं मी ज्यांचा भक्त होतो ते कुणी नव्हतेच. गोऱ्या माणसांची गाणी आणि आमच्या लाइनीतली मरतुकडी वीज, दोघांनी मिळून माझ्यासाठी एक बँड तयार केला होता. तो जगात फक्त आमच्या ओट्यावर वाजत होता. डुप्लिकेट म्हणायचंच तर माझ्या घरात होतं. बाहेर पोरं नाचत होती. पेढा माझ्या हातात तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी मी शहापूरला गेलो. दोन्ही कॅसेटी पिशवीत. बाळारामची टमटम स्टँडबाहेर भरत होती.

"दादा! या, पुढं बसा. मागं बायका आहेत." त्याने फडक्याने सीट पुसली.

गाडी निघाली. समोर टेप बसवायची खाच होती आणि त्या खाचेत टेपऐवजी पुसायची चिंधी कोंबलेली होती.

"टेप नाय बसवलास?" मी विचारलं.

"नाय. इंजिनाचाच आवाज बास होतो."

"धंदा कसा आहे?"

"बरा आहे. डुप्लिकेटची गाडी म्हणून लोक थांबून राहतात. ओरिजनलवाले रिकामे जातात!" आणि तो हसला, डोळे मिटेपर्यंत.

त्या हसण्यात टोमणा होता की नव्हता, हे मी अजून तपासतो आहे. टोमणा असता तर मला बोलायला धागा मिळाला असता. मागे एक बाई भाजीच्या टोपलीवरून भांडत होती, रस्त्याला खड्डे होते, आणि खर्डीच्या अलीकडच्या फाट्यावर काहीही काम नसताना मी उतरलो. पिशवी तशीच परत आणली. त्यानंतरही दोन-तीनदा गेलो. एकदा त्याच्या पाड्यावर जाऊन वाल सोलत बसलो, भाताचं बियाणं, पोरीचं शिक्षण, सगळं बोललो. उठताना तो बोलला, "दादा, काही काम होतं का?" मी म्हणालो, "छे, सहज."

मी स्वतःला नेहमी सांगत आलो की चूक कानाची होती. व्होल्टेज कमी होतं, त्यात माझा काय दोष? ही सबब चांगली आहे, तिचे स्क्रू बरोबर बसलेले आहेत. म्हणूनच मला ती खरी वाटत नाही. कान फसला हे खरं. पण कान फसला तेव्हा मला आनंद झाला होता. त्याच्या स्टॉलवरची गर्दी मी दुपारपासून बघत होतो. कानाने मला एक शब्द दिला आणि मी तो घेऊन टाकला, दुकानदाराने सुटे पैसे न मोजता घ्यावेत तसा. मत्सर किती आणि बहिरेपणा किती, हे मला आजवर वेगळं करता आलेलं नाही.

परवा नातीने मोबाइलवर कवटीवाले दाखवले. ते अजून गातात. मधे गायक सोडून गेला होता, दुसरा आणला, मग पहिला परत आला, ढोलवाला वारला, हे सगळं मी तुकड्यातुकड्यांनी मिळवत आलेलो होतो. पांढऱ्या केसांची म्हातारी माणसं, एकाच्या गुडघ्याला पट्टा. मला आधी संशय आला की हे तरी तेच आहेत का. मग गाणं सुरू झालं आणि मी मोबाइल नातीच्या हातातून ओढूनच घेतला. गायकाला आता वर चढता येत नाही. गाणं त्यांनी खाली उतरवून घेतलंय, सावकाश केलंय. ढोलाचा एक ठोका पडतो आणि दुसऱ्याची वाट बघावी लागते. तो माझा आवाज होता, विहिरीच्या तळातला, पिवळ्या बल्बखालचा. जे आमच्या लाइनीने केलं होतं ते त्यांच्या वयाने केलं.

नातीने पहिल्या गाण्याचा अर्थ वाचून दाखवला. मी इतकी वर्षं ते सैतानाचं गाणं समजत होतो. ती म्हणते, ते बंद पडलेल्या कारखान्याच्या दारात उभ्या राहिलेल्या माणसाचं आहे. मी तिला दोनदा वाचायला लावलं. प्रेस डिपार्टमेंट, असं बाळाराम म्हणाला होता. एक शब्द न कळता त्याला कळलं होतं. हे तिला सांगावंसं वाटलं, पण मग बाळाराम कोण ते सांगावं लागलं असतं.

बाळाराम गेला त्यालाही आता बरीच वर्षं झाली. छातीत दुखलं, शहापूरच्या दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. मला खर्डीच्या फाट्यावर कळलं, तेही फ्लेक्समुळे. आमच्याकडे माणूस गेला की नाक्यावर मोठा फ्लेक्स लागतो. फोटो, भावपूर्ण श्रद्धांजली, खाली मित्रमंडळाची नावं. आणि माणूस लोकांना कळावा म्हणून कंसात त्याचं चालतं नाव छापतात. बाळारामचा फोटो हसरा होता. कैलासवासी, मग त्याचं नाव, मग बापाचं, मग आडनाव. आणि कंसात, तितक्याच मोठ्या अक्षरांत, डुप्लिकेट.

रिक्षावाल्यांनी वर्गणी काढून लावलेला फ्लेक्स होता. त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं. तेराव्याच्या दिवसापर्यंत तो तिथेच होता, आणि मी जायला निघालो तेव्हा वाऱ्याने त्याचा एक कोपरा सुटून फडफडत होता.

मी पाड्यावर पोचलो तेव्हा जेवणं उरकली होती. मांडवात पाड्यावरची माणसं टेकून बसलेली. बाळारामची बायको शेवंता मला बघून आतून आली. डोक्यावरचा पदर सारखा केला.

"दादा, आलात. त्यांना लय बरं वाटलं असतं." मग तिने कुणालातरी चहा ठेवायला सांगितला आणि माझ्यासमोर खाली बसली. "तुमचं नाव नेहमी काढायचे. बोलायचे, माझी दोन बारशी झाली. एक आत्यानं केलं, एक गजादादानं."

आजूबाजूची माणसं हळूच हसली. तीही हसली, डोळे पुसत.

"पण दादा, एक विचारू? ते नाव ठेवलंत कशावरून? मी किती वेळा विचारलं त्यांना. नुसते हसायचे. बोलायचे, दादाला विचार."

त्याने तिला सांगितलेलं नव्हतं. कधीच नाही. ते सांगायचं त्याने माझ्यासाठी ठेवून दिलं होतं.

चहा आला. मी कप हातात घेतला आणि तिच्याकडे न बघता बोललो, "असंच गं. गमतीनं."

"तरी मला वाटलंच," ती बोलली, आणि साखर पुरेशी आहे का ते विचारलं.

जे वाक्य मी घरापासून तिथपर्यंत मनात म्हणत गेलो होतो, ते असं होतं: शेवंता, बाळारामचा माल खरा होता. त्याने कॅसेट माझ्यापुढे धरली आणि मी मुद्दाम बघितलं नाही. ते नाव त्याचं नव्हतं. मला माफ कर.